ब्रेकमधली हवा

सिद्धलिंगप्पा मिस्त्रीच्या हातांना कंप सुटलाय, हे अक्कलकोट रोडवर सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं चालत नसे. चहाचा कप हातात आला की आधी बशीत तळं साचे, मग उरलेला चहा तोंडाला लागे. "आजकाल कपच हलके काढत्यात," असं तो म्हणे आणि ऐकणारे निमूट मान डोलवत. चाळीस वर्षं लोकांचे ब्रेक करून दिलेल्या माणसाशी कपावरून कोण वाद घालणार?

माणूस तसा नावाजलेला. इंजिन, गिअर, क्लच करणारे मिस्त्री सोलापुरात पैशाला पासरी मिळतील, पण जुन्या गाडीचा ब्रेक म्हटलं की लोक वाट वाकडी करून त्याच्या शेडखाली येत. वळसंगवरून येत, पार अकलूजवरूनही येत. तो सांगायचा, "इंजिन बंद पडलं तर गिऱ्हाईक शिव्या देतंय. ब्रेक बंद पडला तर शिव्या द्यायला गिऱ्हाईकच ऱ्हात न्हाय." हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं की शेजारच्या पंक्चरवाल्या बसूलाही ते पाठ होतं, आणि मिस्त्री जेवायला गेला की तो ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवी.

तीन महिन्यांपूर्वी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नाही. एका टेम्पोच्या ब्रेकच्या पाइपचा नट त्यानं बसवला तो तिरका बसला. आटे एकावर एक चढले आणि तेल पाझरू लागलं. नशीब, ते त्यानंच पाहिलं आणि गाडी बाहेर सोडली नाही. पण त्या दिवसापासून तो ब्रेकच्या कामाला नाही म्हणू लागला. ऑइल बदल, बेल्ट बदल, असली किरकोळ कामं करून दिवस ढकलू लागला. पुण्याहून दानेश्वरीचा, म्हणजे मुलीचा, फोन यायचा, "अप्पा, आता शटर ओढा आणि आईला घेऊन इकडं या." दानेश्वरीचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. तिथल्या गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक ऐकायचे आणि कुणाचा लायनर संपलाय ते एकट्यानंच ओळखायचं, एवढंच काम तिथं उरणार होतं. तो विचारच सिद्धलिंगप्पाला नकोसा होई, पण तो हे बोलून दाखवणाऱ्यांतला नव्हता.

अशात एका सकाळी रावसाहेब त्यांची जुनी ४०७ घेऊन आले. रावसाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. निवृत्तीनंतर त्यांनी मंडपाचं सामान वाहायला ही गाडी घेतली होती आणि ती स्वतःच चालवत. वीस वर्षांची ओळख. शेडपाशी येताना त्यांनी गाडी गिअरवर आवळत आवळत, पायी चालल्यासारखी आणली.

"पेडल तळाला जातंय, मिस्त्री," ते म्हणाले. "उद्या अकलूजला लग्नाचं सामान टाकायचंय. तुमाला जमत नसंल तर तसं सांगा, म्हंजे मी दुसरीकडं दाखवतो. राग नका मानू."

राग नका मानू म्हटलं की राग येतोच. सिद्धलिंगप्पा आत वळून बायकोला म्हणाला, "रत्ना, गाडीत बस." मग हलक्या आवाजात, गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये असं, "हे जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर शटर ओढायचं, ते परत उघडायचं न्हाय."

रत्नम्मानं फक्त "व्हय" म्हटलं आणि पदर खोचून ती केबिनमध्ये चढली. ब्रेकच्या कामाला दोन माणसं लागतात, एक खाली चाकापाशी आणि एक वर पेडलवर. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हाताखालचा माणूस पळून गेला, तेव्हा सिद्धलिंगप्पानं बायकोला एका दिवसापुरतं पेडलवर बसवलं होतं. तो एक दिवस तीस वर्षं चालला होता.

तिनं पेडल दाबून धरलं. सिद्धलिंगप्पानं चारही चाकं पाहिली, पाइप पाहिले. कुठं थेंब नव्हता. "बसतंय," रत्नम्मा वरून म्हणाली. "हळूहळू खाली बसतंय."

म्हणजे तेल बाहेर सांडत नव्हतं, मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत मागं पळत होतं. मास्टर सिलिंडर म्हणजे ब्रेकचा कारभारी. पायानं दिलेला दाब तेलातून चारही चाकांना वाटून द्यायचं काम त्याचं. त्याच्या आतले रबर झिजले की कारभारी दाब घेतो आणि पुढं काहीच पोचवत नाही. सिद्धलिंगप्पानं जुना काढला, आत बोट फिरवून पाहिलं. गंजानं खड्डे पडले होते. नुसते रबर बदलून भागणार नव्हतं. रावसाहेब रिक्षानं जाऊन नवा घेऊन आले.

इथपर्यंत झकास चाललं होतं. नव्या सिलिंडरातली हवा त्यानं गाडीवर चढवण्याआधी बाकावरच काढली. सिलिंडर शिकंज्यात धरला, तेल भरलं आणि आतला दट्ट्या दोन्ही हातांनी सावकाश ढकलत राहिला, बुडबुडे थांबेपर्यंत. कंपाचा तिथं त्रास झाला नाही. उलट हातांच्या थरथरीनं बुडबुडे लवकर सुटतात, असंही त्यानं रावसाहेबांना ऐकवलं. रावसाहेबांनी तेही पटवून घेतलं.

सिलिंडर जागेवर बसला. मग पाइपचा नट आला.

नट नखाएवढा. तो बोटांनीच धरायचा, सरळ रेषेत आणायचा आणि पहिले दोन आटे बोटांनीच चढवायचे. पाना नंतर. सिद्धलिंगप्पानं नट टेकवला, बोटं हलली. पुन्हा टेकवला, पुन्हा हलली. त्यानं उजवा हात डाव्यानं धरला, तर दोन्ही हलू लागले. कपाळावरचा घाम नाकावरून टपकला. रावसाहेब रस्त्याकडे बघू लागले. बसूच्या दुकानातली हातोडीही थांबली. चांगल्या माणसांची ही एक पंचाईतच असते. त्यांनी बघितलं नाही तरी बघितल्यासारखं होतं.

केबिनचं दार वाजलं. रत्नम्मा खाली उतरली, साबणानं हात धुतले, पुसले आणि त्याच्या शेजारी येऊन म्हणाली, "सरका."

"तुला काय येतंय?"

"सरका तर."

तो सरकला. सरकण्यावाचून इलाज नव्हता. रत्नम्मानं नट दोन बोटांत धरला, टेकवला आणि आधी उलटा फिरवला. उलटा, सावकाश, बारीक टिक् होईपर्यंत. मग सुलटा. नट लोण्यात गेल्यासारखा आत गेला.

सिद्धलिंगप्पा बघतच राहिला. आधी उलटा फिरवायचा ही त्याची स्वतःची युक्ती, त्याच्या वस्तादानं कानात सांगितलेली. ती त्यानं आजवर कुणाला शिकवली नव्हती. "हे कुणी सांगितलं तुला?" त्यानं विचारलं.

"बरणीचं झाकण असंच बसतंय की," ती म्हणाली आणि दुसरा नट मागायला हात पुढं केला.

मग वाटणी आपोआप ठरली. ज्याचे हात हलतात त्यानं चाकापाशी जाऊन चालणार नव्हतं. रत्नम्मा गोणपाट अंथरून मागच्या डाव्या चाकाखाली शिरली, कारण मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं. चाकामागच्या निप्पलला, म्हणजे हवा सोडायच्या बारक्या तोटीला, तिनं सलाइनची नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलं. तेलाच्या टाकीवर लक्ष ठेवायला रावसाहेबांना उभं केलं, आणि सिद्धलिंगप्पा केबिनमध्ये बायकोच्या जागेवर चढला.

काम सांगायला सोपं. वरच्यानं पेडल दाबून धरायचं, खालच्यानं निप्पल उघडायचा, हवा आणि तेल नळीतून बाहेर येतं. निप्पल घट्ट बंद झाल्यावरच वरच्यानं पाय सोडायचा. आधी सोडला तर गेलेली हवा परत आत. म्हणून हुकूम नेहमी खालच्याचा. सिद्धलिंगप्पा तीस वर्षं खालून घरच्या कन्नडमध्ये ओरडत आला होता, "ओत्तु" म्हणजे दाब, "हिडि" म्हणजे धर, "बिडु" म्हणजे सोड.

आता तो वर होता, पण तोंड खालचंच राहिलं होतं. "ओत्तु," तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला आणि दाबलं. "हिडि." मग मनात तीन आकडे मोजून "बिडु" म्हणून पाय सोडला. खाली रत्नम्मा अजून निप्पल आवळतच होती. फुर्र करून हवा आत गेली.

असं एकदा नाही, अकरा वेळा झालं. रावसाहेब टाकीत तेल ओतत होते, नळीतून बुडबुडे येत होते, आणि पेडल भिजल्या उशीसारखं मऊचं मऊ. सिद्धलिंगप्पा आधी सिलिंडरवर चिडला, मग तेलावर, मग खालच्या माणसाच्या हातावर. "पाना पटापट फिरव की," तो ओरडला. "झोपलीस काय खाली?"

रत्नम्मा बाहेर आली. केसांना ग्रीस लागलं होतं, एका गालावर तेलाचा ओघळ होता. ती केबिनच्या दारापाशी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. तिचा आवाज चढत नसे, आणि तेच सिद्धलिंगप्पाला फार जड जाई.

"बुडबुडे कुणाला दिसत्यात?" तिनं विचारलं.

त्यानं पेडलवरून पाय काढून घेतला.

"मला दिसत्यात. मग सोडायचं कवा ते कुणी सांगायचं? तीस वर्षं तुमी सांगितलं, मी सोडलं. एकदा तरी आधी पाय उचलला का मी?"

नव्हता उचलला. एकदाही नव्हता उचलला. सिद्धलिंगप्पानं आठवून पाहिलं, आणि आठवताना त्याला आणखीही बरंच आठवलं. काम संपलं असं तो खालून जाहीर करी तेव्हा वरून तिचा आवाज येई, "अजून हाय वाटतं, बघा." तो म्हणे, "तुला वर बसून काय कळतंय?" आणि तरी, न जाणो म्हणून, तो पुन्हा निप्पल उघडी. दर वेळी मोहरीएवढा एक बुडबुडा निघे. त्याचं श्रेय त्यानं कायम स्वतःच्या सावधपणाला दिलं होतं. तो त्याच जागेवर बसला होता आता, आणि तिथून काहीही दिसत नव्हतं. ना चाक, ना नळी, ना माणूस. समोर नुसती धुळीनं माखलेली काच. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळतं, म्हणतात ते खोटं नाही.

"बरं," तो म्हणाला. "तू सांग, मी ऐकतो."

पण त्यातही एक अडचण निघालीच. रस्त्यावरून ट्रेलर जात होते आणि रत्नम्माचा आवाज मुळातच बारीक. शिवाय नवऱ्यावर खेकसायची जिभेला सवय नाही. एकदा तिनं सांगितलं ते त्याला ऐकूच आलं नाही. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मी पान्यानं चाकाच्या ड्रमवर ठोकते. एक ठोका, दाबून धरा. दोन ठोके पडल्याबिगर सोडायचं न्हाय. मधी कितीबी येळ जाऊ द्या."

टण्. सिद्धलिंगप्पानं दाबलं आणि धरलं. पेडल पायाखालून तळाला गेलं, म्हणजे तिनं निप्पल उघडला होता. तो थांबला. सोडायची ऊर्मी मांडीत आली, ती त्यानं दातओठ खाऊन आवरली. टण् टण्. त्यानं सोडलं.

टण्. टण् टण्. टण्. टण् टण्.

ठोक्यांना एक ठेका आला. रावसाहेबांची मानसुद्धा त्यावर हलू लागली. नळीतून आधी काळपट तेल आलं, मग फेसाळ, मग बुडबुडे तुटक होत गेले आणि शेवटी मधाच्या रंगाचं नितळ तेल सलग वाहू लागलं. तिनं निप्पल आवळला, गोणपाट ओढत उजव्या चाकाकडे गेली. तिथून पुढच्या डाव्याकडे, मग शेवटच्या चाकाकडे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या टाळणारी, पण चार चाकांत एकदाही तिनं पाना खाली ठेवून कंबर सरळ केली नाही. वर बसलेल्या सिद्धलिंगप्पाला ती दिसत नव्हती. पण ठोक्यांवरून त्याला सगळं कळत होतं. ती कधी कूस बदलते, कधी नळी बघायला वाकते, कधी खात्री नसली की थोडं जास्त थांबते. इतकं नीट काम त्यानं आपल्या एकाही शागिर्दाकडून करून घेतलेलं नव्हतं, आणि हिला तर कुणी काही शिकवलंच नव्हतं.

"झालं," शेवटी त्यानं जाहीर केलं. "कडक झालंय."

"टाच खाली टेकवा," खालून आवाज आला. "नुसत्या चवड्यानं दाबा, सावकाश. शेवटाला जरा उसळतंय का बघा."

त्यानं डोळे मिटले. टाच टेकवली. चवड्यानं सावकाश दाबत गेला. पेडल वरतीच घट्ट अडलं आणि तिथं, अगदी शेवटच्या केसभर जागेत, काहीतरी किंचित लवलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. कालपर्यंत त्यालाही कळलं नसतं.

"अजून हाय," तो म्हणाला, तिच्याच शब्दांत.

"कुटं वाटतंय?"

"तसं कळतंय व्हय पायाला?"

"दमानं बघा. मागची हवा असली की पेडल लांबून लवतंय. पुढची असली की लगेच."

त्यानं पुन्हा दाबून पाहिलं, पेडल अडताक्षणीच लवत होतं. "पुढची," तो म्हणाला. "पुढची हाय."

टण्. तिनं पुढच्या डाव्या चाकाचा निप्पल उघडला. नळीतून मोहरीएवढा एक बुडबुडा आला आणि बाटलीत जाऊन फुटला. टण् टण्. यानंतर पेडल दगडासारखं उभं राहिलं, आणि सिद्धलिंगप्पानं पाय पाच मिनिटं तसाच दाबून धरला तरी ते जागचं हललं नाही.

आता राहिली ट्रायल. त्याबाबत या शेडचा एक नियम होता आणि तो सिद्धलिंगप्पानंच घालून दिलेला. ज्यानं निप्पल आवळला, त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. आपल्या कामावर आधी आपला जीव ठेवायचा, मग गिऱ्हाइकाचा. या नियमापायी त्याचे दोन शागिर्द काम सोडून गेले होते. आजवर दर वेळी तोच बसला होता. रोडवरच्या उड्डाणपुलावर गाडी चढवायची आणि उतारावर, वेगात असताना, ब्रेक मारायचा.

सवयीनं तो केबिनकडे निघाला, तर रत्नम्मा आधीच चढून बसलेली.

"तू उतर, मी जातो," तो म्हणाला.

"निप्पल कुणी आवळलाय?"

नियम त्याचाच. तो मागं सरला. रावसाहेबांनी गाडी चालू केली, आणि ती पुलाच्या दिशेनं जाऊन ट्रेलरांच्या मागं दिसेनाशी झाली.

फेरीला आठ मिनिटं लागतात. हे सिद्धलिंगप्पाला पक्कं ठाऊक होतं, कारण शेकडो वेळा त्यानं ती मारली होती. गाडीत बसल्यावर ती आठ मिनिटं कशी जात ते कळतही नसे. ड्रायव्हरशी गप्पा, उतारावर एक झटका, की परत. आज खाली उभं राहून पहिल्यांदाच त्याला कळलं की आठ मिनिटं ही केवढी लांबलचक गोष्ट आहे. नट नीट बसलाय ना? बसलाय, आपण टिक् ऐकलाय. पण दट्ट्याच्या दांड्याला हलायला जागा पुरेशी ठेवलीय ना? रबर नवा असूनही सदोष निघाला तर? उताराच्या खाली चौक आहे. चौकात शाळा सुटायची वेळ. आणि गाडीत रत्नम्मा आहे. दहा मिनिटं झाली. बारा झाली. रस्त्यावर प्रत्येक जुन्या गाडीच्या आवाजानं त्याची मान वर होई.

"मिस्त्री," बसू पलीकडून म्हणाला, "तेवढ्या जागंतलं सिमेंट निगंल आता."

सिद्धलिंगप्पानं खाली पाहिलं. त्याच्या हातात खराटा होता. तो केव्हा उचलला ते त्याला आठवत नव्हतं. शेडच्या तोंडाशी, हातभर जागेत, जिथून रस्ता लांबपर्यंत दिसतो तिथं, तो मघापासून झाडत होता. जमीन केव्हाच स्वच्छ झाली होती.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. ट्रायल मारून तो परत यायचा तेव्हा रत्नम्मा नेमकी याच जागी झाडत असायची. तीस वर्षं. गाडीतून उतरता उतरता तो तिच्यावर डाफरायचा, "सकाळपासनं तेच झाडतीस व्हय? दुसरं काम न्हाय?" ती खराटा भिंतीला टेकवून मुकाट्यानं चहा ठेवायला जायची. चहा ठेवताना तिच्या हातांना कंप असायचा की नाही, हे बघायला तो कधी आत गेला नव्हता.

पंधराव्या मिनिटाला ४०७ वळणावर दिसली. चांगल्या वेगात आली, शेडसमोर दबली आणि ठेवल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली.

"उतारावरच तीन खेपा मारायला लावल्या बाईंनी," रावसाहेब उतरत म्हणाले. "एका खेपंनं खात्री हुत न्हाय म्हणाल्या. मिस्त्री, ब्रेक असा गाडी नवी असतानाबी नव्हता. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याची गाडी आणू का?"

"आणा की," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "दोघं हाय आमी."

रावसाहेब गाडी घेऊन गेले. रत्नम्मानं त्याच्या हातातल्या खराट्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. ती गालावरचं तेल पदरानं पुसू लागली.

"रत्ना," तो म्हणाला, "तीस वर्षं रोज अशी हुबी ऱ्हायचीस तू?"

"रोज कुटं," ती म्हणाली. "ब्रेकचं काम असलं की तेवढंच."